दगड आधी, पाटी नंतर : निमाडच्या वाटांवरील ऐतिहासिक खुणांची नोंद कशी करावी

इंदूरहून दक्षिणेला नर्मदेकडे उतरणारे रस्ते मुख्यतः तीन आहेत. एक महू-मानपूरवरून खलघाटला जाणारा जुना आग्रा-मुंबई रस्ता, दुसरा महूहून जाम दरवाज्याने मंडलेश्वर-महेश्वरकडे उतरणारा घाटरस्ता, आणि तिसरा सिमरोल घाटातून बडवाहला जाऊन पुढे मोरटक्क्याच्या पुलावरून सनावदला पोहोचणारा. या तिन्ही रस्त्यांच्या कडेला आणि त्यांना फुटणाऱ्या गावठाणांच्या वाटांवर बारवा, छत्र्या, चौथरे, वीरांच्या शिळा आणि अक्षरे कोरलेले सुटे दगड आजही दिसतात. त्यांच्या शेजारी कधी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी असते, कधी ग्रामपंचायतीने ऑइलपेंटने रंगवलेला फलक असतो, आणि बहुतेक ठिकाणी काहीच नसते. इंदूरच्या मराठी घरांतील पुष्कळ मंडळी सुट्टीच्या दिवशी या वाटांनी जातात, रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपुढे हात जोडतात, महेश्वरच्या घाटावर बसतात आणि परततात. त्यांपैकी ज्यांना थोडे थांबून या खुणांची नीट नोंद करावीशी वाटते त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

पहिली गोष्ट अशी की मूळ दगडावरचा मजकूर आणि मागाहून लावलेल्या पाटीवरचा मजकूर या दोन स्वतंत्र साक्षी आहेत. वहीत त्या कधीही एकत्र करू नयेत. डाव्या पानावर दगड आणि उजव्या पानावर पाटी, अशी विभागणी सुरुवातीपासून ठेवावी. पाटी वाचून मग दगडाकडे वळणाऱ्या माणसाला दगडावर तेच दिसू लागते जे पाटीने सांगितलेले असते, आणि झिजलेले अक्षर तो नकळत पाटीप्रमाणे वाचतो. म्हणून पाटीकडे पाठ करून आधी दगड वाचावा. हा नियम मी स्वतः चूक करून शिकलो आहे, आणि ती चूक पुढे सांगणारच आहे.

निघताना फार सामान लागत नाही. वही, पेन्सिल, कापडी मोजपट्टी, एक चांगला टॉर्च, हातात मावेल एवढा आरसा, आणि धूळ झटकण्यासाठी मऊ केसांचा कोरडा ब्रश इतके पुरते. पेन्सिल अशासाठी की दमट हवेत शाई पसरते आणि वाचन बदलले तर खोडताही येते. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम असतो, कारण पावसाळ्यात दगडावर शेवाळ असते आणि चौथऱ्यांभोवती गवत माजलेले असते. गावात शिरल्यावर पटेलांना किंवा पुजाऱ्यांना भेटून आपण काय करणार आहोत ते आधी सांगावे. आपल्याला जो नुसता जुना दगड वाटतो तो एखाद्या घराण्याचा पूर्वज असतो आणि त्याला दर सणाला नारळ चढत असतो. अशा ठिकाणी चपला बाहेर काढाव्यात, शेंदराला हात लावू नये, आणि शेंदराखाली अक्षरे असतील असे वाटले तरी तो खरवडण्याचा विचारही मनात आणू नये.

छायाचित्रे घेण्याचा एक क्रम ठरवून घ्यावा. पहिले छायाचित्र दुरून, ज्यात रस्ता, झाड, शेजारचे घर असे सारे येईल. दुसरे संपूर्ण दगडाचे, मोजपट्टी शेजारी ठेवून. त्यानंतर ओळीओळीने जवळची छायाचित्रे, प्रत्येकात मागच्या ओळीचा थोडा भाग येईल अशी. जागेचे अक्षांश-रेखांश मोबाईलवरून लगेच वहीत उतरवून घ्यावेत, कारण छायाचित्रे एकमेकांना पाठवताना त्यांतली ही माहिती अनेकदा गळून पडते.

अक्षरे वाचण्याचे खरे साधन म्हणजे तिरपा प्रकाश. भर दुपारी समोरून उजेड पडला की उथळ कोरीव लेख सपाट दिसतो, अक्षरांच्या खाचांत सावलीच उरत नाही. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य मावळण्यापूर्वीच्या तासाभरात, दगडाच्या तोंडाला जवळजवळ समांतर ऊन पडत असताना, एरवी न दिसणारी मात्रा आणि अनुस्वारसुद्धा वर येतात. दगड नेमका सावलीत असेल तर आरशाने कवडसा बाजूने फिरवावा. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाच्या डाव्या कडेला अगदी टेकवून धरावा, मग वरच्या कडेला, मग उजव्या कडेला, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा न हलवता छायाचित्र घ्यावे. उभी रेघ डावीकडच्या उजेडात उठून दिसते, शिरोरेघ वरच्या उजेडात. या तीन चित्रांची घरी तुलना केली की कोणती खाच छिन्नीची आणि कोणती नुसती चीर, हे बहुतेक वेळा कळते.

अक्षरांत खडू, पीठ, हळद, तेल किंवा रंग भरून ती ठळक करण्याची जुनी सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. ती सर्वथा टाळावी. खडूने भरलेले अक्षर हे वाचणाऱ्याचे मत असते, दगडाचे अक्षर नव्हे, आणि ते एकदा भरले की पुढचा प्रत्येक वाचक तेच वाचतो. तारेच्या ब्रशने किंवा ॲसिडने दगड धुणे तर त्याहून घातक आहे. ओल्या कागदावर शाईचा ठसा घेण्याची पद्धत शास्त्रीय आहे, पण ती प्रशिक्षित माणसाने आणि परवानगीनेच करावी. आपले काम छायाचित्र आणि हाताने उतरवलेली नक्कल यांवर उत्तम भागते.

नक्कल करताना दगडावर ओळ जिथे संपते तिथेच वहीतली ओळ संपवावी. जे अक्षर स्पष्ट आहे ते तसेच लिहावे, जे अंदाजाने वाचले ते चौकटी कंसात घालावे, आणि जे गेले आहे त्याच्या जागी तितके ठिपके द्यावेत. शुद्धलेखन सुधारू नये. जुन्या लेखनात ‘म्हणून’ऐवजी ‘ह्मणून’ दिसते, ऱ्हस्वदीर्घाचा आजचा नियम नसतो, शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. संक्षेपांची माहिती असली की निम्मे काम हलके होते : अक्षरापुढे दोन उभे दंड आले की तो शब्द तोडलेला आहे असे समजावे, म्हणजे ‘शु॥’ शुद्ध, ‘व॥’ वद्य, ‘रा॥’ राजश्री, ‘मु॥’ मुक्काम. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. कागदपत्रांत मुसलमानी महिन्याच्या तारखेआधी ‘छ’ येतो. मोडी लिपी कागदावर जितकी भेटते तितकी दगडावर भेटत नाही, तिथे बाळबोध, म्हणजे देवनागरीच अधिक, तरीही मोडी वाचता येणारे एखादे आजोबा सोबत असतील तर फार उपयोग होतो.

अंकांपाशी मात्र सर्वांनीच दचकावे. देवनागरीच्या ५, ८ आणि ९ या अंकांची वळणे प्रांताप्रांतांत आणि हाताहातांत बदलतात, आणि झिजलेला ९ कितीतरी वेळा १ सारखा दिसतो. सालाचा एकच अंक चुकला की सगळी कथाच चुकते. म्हणून साल वाचून झाल्यावर ते तपासल्याखेरीज वहीत पक्के करू नये. तपासण्याची साधने लेखातच असतात, कारण जुना माणूस नुसते साल लिहून थांबत नसे. तो संवत्सराचे नाव, महिना, पक्ष, तिथी, वार आणि कधी नक्षत्रही देत असे.

नित्याचे रूपांतर सोपे आहे. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. मात्र मिती पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर साधारणपणे ७९ मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते. विक्रम संवतातून एरवी ५७ वजा करायचे आणि याच शेवटच्या महिन्यांत ५६. माळव्यात विक्रम संवत चैत्रापासून धरतात, गुजरातेत कार्तिकापासून, तेव्हा बडोद्याकडच्या नातेवाइकांनी सांगितलेला हिशेब इथे जसाच्या तसा लावू नये. मराठी कागदांत येणारा सुहूर सन मृगापासून सुरू होतो. त्यात जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मे यासाठी ६०० मिळवावेत. हा सन अंकांत नव्हे तर अरबी शब्दांत लिहितात : ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७१, अर्थात १७७०-७१.

उदाहरण म्हणून जाम दरवाजाच घ्यावा. महूहून मंडलेश्वरकडे जाताना विंध्याचा कडा जिथे एकदम खाली कोसळतो तिथे अहिल्यादेवी होळकरांनी उभारलेला हा दरवाजा पावसाळ्यात पर्यटकांनी गजबजलेला असतो, पण त्यावरच्या लेखाकडे मान वर करून पाहणारे थोडे. लेखातील मिती विक्रम संवत १८४७, माघ शुद्ध त्रयोदशी, बुधवार अशी आहे. १८४७ मधून सवयीने ५७ वजा केले तर १७९० येते आणि ते चूक ठरते. महिना माघ आहे, म्हणून ५६ वजा करायचे आणि १७९१ घ्यायचे. पंचांगाचे गणित केले तर ती तिथी १६ फेब्रुवारी १७९१ ला येते, आणि त्या दिवशी बुधवारच होता. तिथी आणि वार असे जुळले की साल बरोबर वाचल्याची खात्री पटते. वार जुळला नाही तर आधी आपल्या वाचनावर संशय घ्यावा, कोरणाऱ्यावर शेवटी.

महिन्यांचा घोटाळा इंदूरकरांना घरचाच आहे. अहिल्यादेवींचे निधन १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरी झाले. मराठी पंचांगाप्रमाणे ती शके १७१७ ची श्रावण वद्य चतुर्दशी, पण उत्तरेच्या पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या, गणनेप्रमाणे त्याच दिवशी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी असते, आणि शहरात पालखी निघते ती भाद्रपद कृष्ण चतुर्दशीला म्हणून. दोन्ही नावे एकाच दिवसाची. शुद्ध पक्षात दोन्ही पद्धतींचा महिना सारखाच असतो, फरक पडतो तो फक्त वद्य पक्षात. त्यामुळे दगडावर ‘वद्य’ किंवा ‘कृष्ण’ दिसले की लेख शकाचा आहे की संवताचा, मराठी हाताचा आहे की हिंदी, हे आधी पाहावे, नाहीतर तारीख महिनाभर सरकते.

इंग्रजी तारखाही निमूटपणे घेऊ नयेत. रावेरखेडीला बाजीरावांच्या मृत्यूची तारीख २८ एप्रिल १७४० अशी सर्वत्र सांगितली जाते. मिती आहे शके १६६२ ची वैशाख शुद्ध त्रयोदशी. आजच्या ग्रेगोरियन मोजणीने मागे गेले तर २८ एप्रिल १७४० ला चंद्र नुकताच अमावास्येतून निघालेला असतो, त्रयोदशी नसते. ती तारीख तेव्हाच्या ज्युलियन पंचांगाची आहे, आणि अकरा दिवस मिळवून ९ मे धरले की त्रयोदशी नीट बसते. इंग्रजांनी आपले पंचांग १७५२ मध्ये बदलले, त्यामुळे त्याआधीच्या कोणत्याही तारखेसोबत ती कोणत्या मोजणीची आहे हे लिहिणे बरे. आणि मिती जशीच्या तशी शेजारी लिहावी, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा तपासता येईल.

आता संवत्सर. शकात १२ मिळवून ६० ने भागावे, जी बाकी राहील तो संवत्सराचा अनुक्रम. प्रभव पहिला, क्षय साठावा, आणि बाकी शून्य आली तर क्षय. बाजीरावांचा शके १६६२ घेतला तर बेरीज १६७४, बाकी ५४, आणि चोपन्नावे नाव रौद्र. साठ नावांची यादी कोणत्याही मराठी पंचांगात मिळते. ती वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी. हा ताळा शकाच्या लेखांना लागू पडतो. उत्तरेच्या संवतासोबत येणारी नावे बार्हस्पत्य, म्हणजे गुरू ग्रहाच्या गतीवरून केलेल्या, गणनेने पुढे गेलेली असल्यामुळे तिथे तो वापरू नये.

याच ताळ्याने मला माझी चूक दाखवली. निमाडातल्या एका गावाबाहेर, रस्त्यापासून पंधरा-वीस पावलांवर, एक पायऱ्यांची विहीर आहे. तिच्या तोंडाशी नवीन फरशी बसवून कोणीतरी ती अहिल्यादेवींनी बांधल्याचे आणि साल १७८९ असल्याचे लिहिले होते. मी आधी फरशी वाचली आणि मग आतल्या कोनाड्यावरचा दगड. शके १७११ दिसले, ७८ मिळवले, १७८९ झाले, आणि मी समाधानाने वही मिटली. घरी आल्यावर छायाचित्र मोठे करून पाहिले तर साल सरल्यानंतर ‘पिंगलनाम’ ही अक्षरे होती. शके १७११ चे संवत्सर सौम्य, पिंगल नव्हे. पिंगल येतो तो शके १७१९ ला. पुढच्या रविवारी टॉर्च घेऊन संध्याकाळी परत गेलो, उजेड उजव्या कडेने धरला, आणि शेवटच्या ‘१’ च्या डाव्या अंगाला पुसट झालेले ९ चे वळण सावलीत उभे राहिले. साल १७९७ होते. अहिल्यादेवींना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

याचा अर्थ विहीर त्यांची नव्हे असा काढण्याची घाई मी केली नाही आणि कोणीही करू नये. काम त्यांच्या हयातीत सुरू होऊन नंतर पुरे झाले असेल, किंवा त्यांच्या स्मरणार्थ कोणी बांधली असेल. दगडावर करवून घेणाऱ्याचे नाव होते तो भाग तुटलेला आहे. मी नोंदीत एवढेच लिहिले : पाटीप्रमाणे अहिल्यादेवी, १७८९, दगडाप्रमाणे शके १७१९ पिंगल, म्हणजे १७९७, नाव गेलेले. माळव्या-निमाडात प्रत्येक जुनी बारव, प्रत्येक घाट देवींच्या नावे सांगितला जातो, आणि त्यामागे लोकांची खरी कृतज्ञता आहे. पण त्यांनी खरोखर बांधलेले इतके आहे की एखादी विहीर त्यांच्या नावातून वगळली गेली तर त्यांना काही उणे येत नाही, उलट ज्या कोणी ती बांधली त्या विसरलेल्या माणसाला न्याय मिळण्याची शक्यता उरते.

अक्षरे नसलेल्या शिळांची नोंद चित्रावरून करावी. वीरगळ खालून वर वाचायचा : तळाला लढाई, मधे अप्सरा वीराला नेताना, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर सूर्यचंद्र. सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. भिल्लांच्या वस्त्यांजवळ घोडेस्वार कोरलेले उभे दगड दिसतात, त्यांना तिकडे गाता म्हणतात. ते काही फार जुने नसतात, काही तर अलीकडचे आणि रंगवलेले असतात, पण ती जिवंत परंपरा आहे आणि घरच्यांना विचारल्याशिवाय त्यांचे छायाचित्रही घेऊ नये.

पाट्यांविषयी थोडे. केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या पाटीवर १९५८ च्या कायद्याचा उल्लेख असतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीची अट आहे, आणि स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्य संरक्षित स्मारकांसाठी मध्य प्रदेशाचा १९६४ चा वेगळा कायदा आहे. कोणती पाटी कोणाची आहे हे टिपून ठेवावे, कारण चूक कळवायची ती त्यांनाच. पाट्यांवरचा मजकूर बहुधा हिंदीत असतो, आणि मूळ मराठी शब्द तिथे जाताना मोडतात. एका फलकावर मी ‘वद्य’चे ‘वैद्य’ झालेले पाहिले आहे, त्यामुळे तिथीऐवजी कोणी वैद्यबुवा इतिहासात शिरले. अशा चुका मराठी येणाऱ्या माणसाच्याच लक्षात येतात, आणि त्या कळवणे हे इंदूरच्या मराठी माणसाने आपले काम समजावे. पत्र हिंदीत, एका पानाचे, सौम्य भाषेत लिहावे. पाटीवरील शब्द, दगडावरील शब्द, तिरप्या उजेडातले छायाचित्र आणि तिथीचा ताळा इतके त्यात असावे. कोणाचा दोष काढू नये, फक्त दुरुस्त मजकूर तयार करून द्यावा, म्हणजे रंगाऱ्याला तो तसाच उतरवता येतो.

शेतात नांगरताना एखादी मूर्ती किंवा लेखाचा दगड निघाल्याचे कोणी सांगितले तर तो घरी आणण्याचा मोह धरू नये. जमिनीत दडलेल्या मौल्यवान वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातलेले आहे. शेतकऱ्याला ते शांतपणे समजावून सांगावे, तहसील कार्यालयात अर्ज देताना त्याच्यासोबत जावे, आणि पोच घ्यावी.

नोंद पूर्ण झाली असे वाटले की परत एकदा दगडाजवळ उभे राहून तीन मापे घ्यावीत : दगडाचे तोंड कोणत्या दिशेला आहे, रस्त्याच्या मध्यापासून तो किती पावलांवर आहे, आणि सहज न हलणाऱ्या दोन खुणांपासून, म्हणजे जुना वड, विहिरीचा कठडा किंवा देवळाचा कोपरा यांपासून, त्याचे अंतर किती. या भागातले रस्ते रुंद होत आहेत. जेसीबी आला की कडेचा दगड उचलून जवळच्या देवळाच्या अंगणात ठेवला जातो. गावकरी तो श्रद्धेने ठेवतात, शेंदूर लावतात, पण तो मूळ कुठे होता हे दहा वर्षांत कोणालाच आठवत नाही. मापांचा कागद, नकलेची प्रत आणि एक मोठे छायाचित्र गावातल्या शाळेत किंवा पंचायतीत देऊन यावे, दुसरी प्रत आपल्याकडे ठेवावी, आणि दोन्हींवर आपण तिथे गेलो तो दिवस, तिथीसकट, लिहावा.